पेशंटचं नाव
उन्हापासून जपायला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मलमाचा वास आला की मिरजेचा तो दवाखाना आठवतो. आमच्या यांच्या गालांवर लाल चट्टे आले होते, बोटं सुजली होती, म्हणून ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, आहे का ते बघायला गेलो होतो. बाकावर सगळ्या बायकाच, तेव्हा हे लाजून बाहेर चहाच्या गाड्यावर थांबले. नर्सबाईंनी पेशंटचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही, पदर तोंडाला लावला. त्यांनी माझंच विचारून लिहून घेतलं. आत डॉक्टरीणबाई माझीच बोटं दाबायला लागल्या. "आवं, मला काय न्हाई, ह्यांना हाय!" त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "पुरुषांना हा आजार क्वचित होतो, पण झाला तर पुष्कळदा किडनीवर जातो. बोलवा त्यांना लगेच." मी दारातून "आवं, ऐकलं का" म्हटलं, तर गाड्यावरचे चार-पाच नवरे वळले. शेवटी मी यांना नावानं हाक मारली. हे कप टाकून धावत आले. लघवीत दोष निघाला, पण वेळेत कळला, गोळ्यांनी आवरला. "तुज्या हाकंनंच निम्मा बरा झालो," असं हे अजून चिडवतात. ते नाव इथं लिहावं म्हटलं, तर हात धजत नाही.