टिकली लावलेलं औषध

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. औषधांच्या नावांपुढे ओळीने ‘आर’ होतं आणि ‘एस’ फक्त दोन ठिकाणी. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईने ‘आर’ म्हणजे ‘राइट’ असा अर्थ लावला. लॅबमधल्या मुलीला तसं म्हटलं, तर ती हसायलाच लागली.

“काय वं आजी, उलटं वाचून राहिल्या तुम्ही! आर म्हणजे रेझिस्टंट. ते औषध तुमच्या जंतूवर चालत नाही. एस लिहिलेलंच चालते.”

“अगं, पण जेंटामायसिनने मागच्या वेळी बरी झाले होते मी.”

“हा जंतू वेगळा आहे न. त्याच्यापाशी एन्झाइम आहे. ते औषध तोडत नाही, त्याले नुसती टिकली लावून देते. मग औषधाले आपली जागाच सापडत नाही. अमिकासिनले मात्र टिकली लावता नाही आली त्याले.”

अमिकासिनपुढे ‘एस’ होता. दुसऱ्या ‘एस’च्या औषधाने पूर्वी माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “सात दिवस इंजेक्शन घ्यावं लागेल. किडनी तपासत राहू. पण कानांवर परिणाम होऊ शकतो, आणि ऐकू येणं गेलं तर परत येत नाही.”

घरात बोलायला दुसरं कोणी नाही. कान लागतात ते रविवारच्या तुम्हा मुला-नातवंडांच्या फोनसाठी. म्हणून रोज सकाळी इंजेक्शनला निघण्याआधी मी मोबाइलचा आवाज चारवर ठेवून धाकट्या नातवाचा जुना निरोप लावायचे, “आजी, माझा दात पडला!” आणि वहीत तारखेपुढे लिहायचे: ऐकू आलं.

सहाव्या दिवशी मिक्सरची घरघर ऐकू आली, रस्त्यावरचे ऑटो ऐकू आले. निरोपातलं ‘आजी’ ऐकू आलं, पुढे नुसती फुसफुस. आवाज दहावर नेला तरी दात काही सापडला नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन तिथेच थांबवलं. नंतरच्या तपासणीत जंतू निघाला नाही. कानांच्या तपासणीत मात्र कळलं, बारीक, उंच आवाज गेलेत. लहान मुलांचे असतात तसे.

तुम्हाला हे फोनवर सांगवलं नाही. गेल्या रविवारी धाकट्याने काहीतरी विचारलं, मी “हो, हो” म्हटलं आणि तुम्ही सगळे खूप हसलात. मीही हसले.

त्याने काय विचारलं होतं, तेवढं लिहून कळवा.