वासिलच्या घरी दोघीजणी

मित्रोचं प्रेत खाणकंपनीच्या माणसांनी भर दुपारी आणून ओसरीवर ठेवलं आणि दारसुद्धा न वाजवता ते निघून गेले. तेक्ला तेव्हा परसात भाडेकरूंचे कपडे उकळत होती. तिची चार वर्षांची ओलेना पळत आली आणि म्हणाली, "आई, बाबा ओसरीवर झोपलेत. त्यांना उठव ना, पाय खाली लोंबतायत."

पेनसिल्व्हानियातल्या त्या खाणवस्तीला यात नवं काही नव्हतं. खाणीचं छत बसायचं, माणूस जायचा, खेचर मेलं तर मात्र साहेब लोक स्वतः खाली उतरून चौकशी करायचे. नवं खेचर विकत घ्यावं लागायचं. माणसं बोटी भरभरून येत होती. तेक्लाही अशाच एका बोटीने आली होती, कार्पेथियन डोंगरातल्या रुसीन लोकांच्या एका खेड्यातून, मित्रोशी लग्न करायला. उतरली त्याच आठवड्यात लग्न झालं आणि दुसऱ्या आठवड्यात घरात भाडेकरू आले. एका खोलीत सात गडी. रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीचे त्याच गादीवर आडवे व्हायचे. त्यांचा स्वयंपाक, धुणं, डबे सगळं तिच्या अंगावर. शिवाय संध्याकाळी खाणीतून आलेला गडी चुलीपुढच्या टबात बसला की त्याची पाठ चोळून देणं हेही घरवालीचंच काम. वस्तीत सगळ्याच घरांत ही रीत होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोरमन क्लेगहॉर्न आला. टोपी न काढता तो स्वयंपाकघरात उभा राहिला.

"मिसेस, कंपनीच्या या घरात खाणीवर जाणारा पुरुष उरला नाही. महिनाअखेर घर मोकळं कर."

तेक्लाचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण एवढं तिला कळलं. "सात पुरुष आहेत की घरात."

"ते भाडेकरू. घराला कर्ता पुरुष लागतो." मग तो हसला. "त्यातलाच एखादा उचल ना! तुम्हा हंकी लोकांना त्यात काय अवघड आहे?"

तो गेल्यावर तेक्लाने पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं. आपल्या लोकांना ही माणसं हिणवून हंकी म्हणतात, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्याचा राग नव्हता. राग याचा होता, की तो बोलला ते खरं होतं. दुसरी वाटच नव्हती. परत जायचं तर गावी कुणाच्या दारात जायचं? आईबाप गेले होते, भावाची जमीन चार खाटा मावतील एवढी.

त्या संध्याकाळी ती एकेकाची पाठ चोळत विचार करत होती. ती त्या गड्यांना चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखायची. हा पितो, त्याच्या पाठीवर मारामारीचे वण. तो पोरगेला, उद्या दुसऱ्या खाणीवर निघून जाईल. शेवटी वासिल कोस्त्याल टबात बसला. चाळिशीला टेकलेला, मितभाषी, खांदे पुढे झुकलेले. ओलेनाला तो कधीमधी लाकडाची चिमणी कोरून द्यायचा.

"वासिल, माझ्याशी लग्न करता का?"

त्याच्या डोळ्यांत साबण गेला. "काय म्हणालात, वहिनी?"

"ऐकलंत तुम्ही."

त्याने डोळे धुतले. "गावी बायको आहे माझी. युस्तिना."

"आहे ना अजून?"

"ईस्टरच्या पत्रापर्यंत तरी होती."

"इकडे बोलावणार आहात?"

"दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी."

तेक्लाने पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर उपडा केला. "मग नाव तेवढं लावा घराला. बाकी काही नको मला."

वस्तीतल्या देवळाच्या फादरनी लग्न लावायला साफ नकार दिला. पहिली बायको हयात असलेल्या माणसाचं लग्न ते कसं लावणार? पण क्लेगहॉर्नला फादरशी कर्तव्य नव्हतं. त्याने घर वासिलच्या नावावर केलं आणि विषय संपवला. वस्तीतल्या बायकांनी मात्र संपवला नाही. नळावर तेक्ला आली की बोलणं थांबायचं. एकदा मारिना शेप्ताक सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवऱ्याची गादी निवायच्या आत दुसरा! आम्हाला बाई एक सांभाळताना नाकी नऊ येतात."

तेक्ला बादली भरत म्हणाली, "तुझा मेला ना, की ये माझ्याकडे. कसं करायचं ते शिकवीन." त्यानंतर मारिना तिच्याशी अनेक वर्षं बोलली नाही. आणि तिचा नवरा गेला तेव्हा ती कुणाकडेही न जाता पोरांना घेऊन अनाथाश्रमाच्या दारात उभी राहिली. तेक्लाला आपलं ते बोलणं मग फार सललं.

नावापुरतं ठरलेलं नावापुरतं राहिलं नाही. दोन हिवाळ्यांनी मुलगा झाला, पेत्रो. घटसर्पाने गेला तेव्हा तो नुकता वाक्यं जोडायला लागला होता. फादरनी पोराला माती दिली, पण तेक्लाला देवळात शेवटच्या बाकाच्या पुढे येऊ दिलं नाही. वासिल दर रविवारी तिच्याशेजारी त्याच शेवटच्या बाकावर बसायचा. पुढे जा म्हटलं तरी जायचा नाही.

मग महायुद्ध आलं. गावाकडची खबर बंद झाली. त्या डोंगरातून आधी रशियन फौजा गेल्या, मग ऑस्ट्रियाच्या, गावंच्या गावं जळाली असं कानावर यायचं. वासिल ऐकायचा आणि उठून बाहेर जायचा. इकडे ओलेना शाळेत हेलन झाली आणि तेराव्या वर्षी पिट्सबर्गला एका बड्या घरात कामाला लागली. सुट्टीला यायची ती हॅट घालून, आणि आईने रुसीनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची.

युद्ध संपून तिसरं वर्ष लागलं होतं. एका रविवारी तेक्ला ओसरीवर कोबी चिरत बसली होती. रस्त्याने एक बाई आली. डोक्याला गावाकडचा रुमाल, पाठीवर चादरीचं गाठोडं. फाटकाशी थांबून तिने आपल्या भाषेत विचारलं, "वासिल कोस्त्याल इथेच राहतात का?"

ही कोण, हे तेक्लाला सांगावं लागलं नाही. "इथेच. आत ये."

"तू कोण?"

"मीही इथेच राहते."

युस्तिना पायरीवर बसली. गाठोडं खाली ठेवलं. तिने तेक्लाला वरखाली न्याहाळलं. "बोटीवर आमच्या गावचा एक भेटला, इथे राहून गेलेला. त्याने सांगितलं सगळं. मी म्हटलं, जाऊन ओरबाडते तिला." तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "आता दमले बाई. किती पोरं पुरलीस त्याची?"

"एक."

"मी दोन. एक तापाने, एक उपासमारीने. घर जळलं, गाय सैनिकांनी नेली. मागे काही नाही. नवरा नको मला, ठेव तूच. एक कोपरा दे झोपायला."

वासिल नळावरून पाणी घेऊन आला. दोघींना शेजारी बसलेलं पाहून त्याने बादली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसला. युस्तिना म्हणाली, "पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करता करता मीच आले बघ." तो रडायला लागला. दोघींपैकी कुणीही त्याला गप्प केलं नाही.

युस्तिना स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिली. पहिले काही महिने दोघींचं कशावरूनही वाजायचं, भाकरीत मीठ किती, चूल कुणी विझवली. भाडेकरू चेष्टा करायचे. एक जण म्हणाला, "वासिलकाका, तुमचं बरंय, सुलतानासारखं!" युस्तिनाने त्याच्या ताटातलं मटण उचलून दुसऱ्याच्या ताटात टाकलं. पुढे कुणी बोललं नाही. भांडणंही हळूहळू थांबली, कारण वासिलची धाप वाढत चालली होती. कोळशाची धूळ छातीत बसली होती. काळं थुंकायचा, बसल्याबसल्या झोपायचा. एकीने त्याला धरायचं, दुसरीने उशी बदलायची, असं दोन हिवाळे चाललं. तो गेला तेव्हा दोघी खोलीत होत्या. शेवटी त्याने पाणी मागितलं आणि नाव कुणाचंच घेतलं नाही.

दफनाला फादर म्हणाले, "विधवेने पुढे यावं." युस्तिना गेली. मेणबत्ती तिच्या हातात दिली, पहिली माती तिने टाकली. तेक्ला भाडेकरूंच्या मागे उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, किंवा सगळ्यांनी पाहून नजर वळवली. माणसं पांगल्यावर ती जवळच्याच पेत्रोच्या थडग्यापाशी गेली आणि गवत उपटत बसली.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस आला. नवा फोरमन, पण बोलणं तेच. घर बुकाच नावाच्या एका विधुराला मिळायचं होतं, चार पोरांचा बाप. तेक्ला आवराआवर करत असताना युस्तिना म्हणाली, "बुकाचला बाई हवी आहे. मला विचारलं त्याने. फादर लग्न लावतील म्हणे."

"लावतीलच. तू खरी विधवा ना."

युस्तिना म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर आत्ता मला शिव्या घातल्या असत्या."

"घालणार होते," तेक्ला म्हणाली. "पण कुठल्या तोंडाने? मीही हेच केलं होतं."

एव्हाना लग्न झालेली हेलन आईला न्यायला आली. वस्तीच्या तोंडाशीच थांबली, आत येऊन कुणाला भेटली नाही. ट्राममध्ये ती हळूच म्हणाली, "आई, तिकडे शेजाऱ्यांना हे काही सांगू नकोस. बाबा खाणीत गेले, एवढंच."

"कुठले बाबा?" तेक्लाने विचारलं. हेलन तिकिटाचे सुटे पैसे मोजायला लागली.

पिट्सबर्गला हेलनच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तेक्ला पुढची अकरा वर्षं राहिली. नातवंडांना तिची भाषा येत नव्हती. ती त्यांचे कपडे धुवायची, बटणं लावायची, आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसायची. युस्तिना एकदाच तिला भेटायला आली, सुकवलेल्या अळंब्यांची माळ घेऊन. दात पडले होते, बुकाचही एव्हाना खाणीत दगावला होता. हेलनने शेजारणीला सांगितलं, "आईच्या गावची कुणी आहे." दोघी दुपारभर चुलीपाशी बसल्या. वासिल घोरायचा कसा यावरून एकदा इतक्या हसल्या की हेलन दारात येऊन उभी राहिली. मग युस्तिना म्हणाली, "पेत्रोच्या थडग्यावरचं गवत मी काढते हं, दर ईस्टरला."

तेक्लाने मान हलवली. अळंब्या पाण्यात भिजत घातल्या आणि रात्रीच्या सुपासाठी कांदा चिरायला घेतला.