हिरवा टँक, लाल टँक

नागभीडला आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, तेव्हा मी नववीत होते आणि धाकटा भाऊ मंगेश सहावीत. दिवाळीची सुट्टी होती... जेवण झालं की आम्ही दोघं टीव्हीसमोर.

टँकचा गेम होता. शत्रूचा मोठा टँक आधी हिरवा असायचा, गोळ्या लागल्या की लाल व्हायचा. लाल झाला म्हणजे आता एकच गोळी बाकी... एवढीच काय ती खूण.

मंगेश नेमकं उलटं करायचा. मरायला टेकलेल्या टँकपासून पळायचा आणि धडधाकट टँकवर जाऊन आदळायचा. त्याच्यामुळे सलग तिसऱ्यांदा हरलो, तेव्हा माझं डोकंच फिरलं. रिमोट आपटला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "लाल झालेला दिसत नाई काय तुले?"

तो रडला नाही. म्हणाला, "ताई, तो कुठी बदलते? सारखाच त दिसते."

मी गेम बंद केला. मग हळूहळू त्याने सांगितलं... सुट्टीच्या आधी चित्रकलेच्या तासाला त्याने झाडाची पानं लाल रंगवली होती. मुद्दाम चेष्टा करतो म्हणून सरांनी वर्गासमोर उभं करून हातावर पट्ट्या मारल्या. घरी अजून मार बसेल या भीतीने तो बोललाच नव्हता.

आई त्याला एसटीने चंद्रपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावले आणि सांगितलं, याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासून.

शाळा उघडली त्या दिवशी आई डॉक्टरांचा कागद घेऊन थेट सरांकडे गेली. मी आणि मंगेश सोबत होतो.

"सर, पोराले रंग वळखता येत नाई. तुमी त्याले काऊन मारलं?"

सरांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. "मग आधी सांगायचं ना."

बस, एवढंच. मंगेशकडे बघितलंसुद्धा नाही... अरे, ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तो सांगणार काय?

गेल्या आठवड्यात मंगेशच्या मुलीने मोबाईलवर एक गेम दाखवला. गोळी लागली की शत्रूला तडे जातात, धूर निघतो, तो लंगडायला लागतो. मंगेशने पहिल्याच डावात त्याला लोळवलं.

मला आनंद झाला, आणि मग संताप आला. एक तडा काढायला तेव्हा काय लागलं असतं? आपल्याला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, असं ते गेमवाले धरून चालले. सरांनीही तेच केलं... आणि मीही.

सरांवरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण धपाट्याबद्दल मंगेशला मी कधी सॉरी म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, तू निदान विचारलं त होतं."

मारून मग विचारलं होतं... त्यातलं मारणं तो विसरला. हे त्याचं मोठं मन.