वशिलेबुवांचा विमा

माझ्या बहिणीचा नवरा कसा आहे हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. पण तो स्वतःबद्दल चारचौघांत जे सांगत फिरतो ते ऐकून माझे कान किटले, म्हणून एकदा खरं काय ते लिहून टाकतो.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी शटरवाला. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि माझं काही अडलंही नाही. बाजारातल्या निम्म्या दुकानांची शटरं माझ्या हातची आहेत. एका बोटाने वर जातात. ज्याला खोटं वाटतं त्याने सकाळी दुकानं उघडताना येऊन बघावं.

बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. दोन मुलांची आई झाली तरी मी तिला बारकीच म्हणतो. वडील लवकर गेले, तिला मी वाढवलं आणि वाढवून या माणसाच्या गळ्यात बांधलं. स्थळ आणणारा म्हणाला होता, मुलाची सगळीकडे वट आहे. वट होतीच. फक्त ती त्याच्या तोंडात होती.

तो वजनकाट्यावर बसतो. शहराबाहेर ट्रकांचं वजन करायचा मोठा काटा आहे, त्याच्या कडेला काचेची केबिन, आत एक खुर्ची आणि एक पंखा. ट्रक काट्यावर चढला की हा आकडा बघतो, चिठ्ठी फाडतो, खिडकीतून देतो. काम एवढंच. पण दिवसभर ड्रायव्हर लोक खिडकीशी वाकून 'साहेब, साहेब' करतात, त्यामुळे याचा समज झालाय की जग आपल्या खिशात आहे. कशाचंही नाव काढा, याचं ठरलेलं: "आपला माणूस आहे तिथे." दवाखान्यात आपला माणूस, बँकेत आपला माणूस, मसणवट्यातही असेल. म्हणून आम्ही मागे त्याला वशिलेबुवा म्हणतो. तोंडावर मी जावईबापू म्हणतो. मला रीत कळते.

एकदा वीजबिलाचं काम होतं. समोर रांग होती, माणसं भराभर पुढे सरकत होती. हा रांगेत उभा राहील तर शपथ. बाजूच्या बाकावर बसला, कारण आपला माणूस चहाला गेला होता. रांग संपली, खिडकी बंद झाली, झाडूवालीने बाकाखालून झाडू फिरवला, तरी हा बसलेला. घरी येऊन बारकीला म्हणतो, "उद्या जायचं, पण रांगेशिवाय." फ्रिजही असाच आणला. आपल्या माणसाने स्वस्तात दिला. त्याचं दार भिंतीकडे उघडतं. बारकी अजून त्याच्यात हात तिरका घालते.

आणि दुसरी खोड म्हणजे स्वतःचं नाव. जिथे नाव विचारतील तिथे हा आधी स्वतःचं सांगणार. बारकीने घरामागच्या खोलीत लॉजच्या चादरी धुण्याचं काम काढलं. मशीन तिचं, पहाटे उठणं तिचं, पाण्यात हात पांढरे तिचे. खोलीला शटर मी लावलं, एक पैसा घेतला नाही. आणि पाटीवर काय? ठसठशीत अक्षरात याचं नाव, खाली 'संचालक'. याने आजवर एक रुमाल पिळलेला नाही.

"बारके, हे काय गं?" मी विचारलं.

"राहू द्या दादा. पाटीने कुठे चादरी धुतल्या जातात?"

अशी आहे ती. माझ्यासारखी. फक्त मी एवढं ऐकून घेतलं नसतं.

तर गाडीची गोष्ट. स्टेशनजवळच्या मोठ्या लॉजचं काम बारकीला मिळायच्या बेतात होतं. तिथला मॅनेजर म्हणाला, रोज दिवे लागायच्या सुमारास मळकी गाठोडी न्यायची, सकाळी धुतलेली आणून टाकायची. पहिल्याच दिवशी खाडा झाला तर दुसरा धोबी दारात उभाच आहे. भाड्याच्या टेम्पोवर असं काम चालत नाही, टेम्पोवाला त्याच्या मर्जीचा राजा. म्हणून बारकी गाडी शिकली, परीक्षा देऊन लायसन्स काढलं आणि जुन्या गाड्यांच्या यार्डातून एक बंद व्हॅन घेतली. इंजिन मला कळत नाही, पण सरकणारं दार कळतं. ते मी सरकवून बघितलं, जरा कुरकुरत होतं, तिथल्या तिथे तेल घातलं. मग म्हटलं, घे.

यार्डात व्यवहार बघणारी बाई होती, चष्मा डोक्यावर, पेन कानावर. कागद बारकीच्या नावावर झाले. बाई म्हणाली, "या गाडीचा जुना विमा कधीच संपलाय. आमच्याकडचा नियम आहे, नवीन विमा झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. आत्ताच करून टाकू का?"

बारकी हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात वशिलेबुवांनी हात वर केला.

"नको, नको. इथे कापतात. विम्यात आपला माणूस आहे. ट्रकवाल्यांचे सगळे विमे तोच करतो."

"जावईबापू, होतंय तर होऊ द्या की," मी म्हटलं.

"दादा, तुम्ही शटरं बघा. हे माझ्यावर सोडा."

मी बारकीकडे पाहून गप्प बसलो. मी गप्प बसलो की समजावं की मला खूप बोलायचंय.

गाडी घ्यायचा दिवस ठरला तो नेमका लॉजच्या कामाचा पहिला दिवस. टेम्पोवाल्याला बारकीने आदल्या दिवशीच राम राम केला होता. दुपारची जेवणं उरकून आम्ही तिघं यार्डात पोचलो. व्हॅन धुऊन पुसून उभी होती. वशिलेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून, सेंट मारून. जसं काही गाडी यालाच बघायला आली होती. त्याने मोबाइल बाईपुढे धरला. "घ्या, आपल्या माणसाने विमा पाठवलाय. निम्म्या पैशांत."

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. वाचलं. परत वाचलं. मग बारकीला विचारलं, "गाडी तुमच्या नावावर आहे ना?"

"हो."

"मग विमा यांच्या नावावर कसा?"

"त्यात काय?" वशिलेबुवा म्हणाला. "नवरा-बायको म्हणजे एकच."

"घरात एकच असाल. गाडी त्यांची आहे, तुमची नाही. उद्या काही झालं तर कंपनी म्हणेल, तुमचं नुकसान झालंच कुठे?" बाईने बोट खाली सरकवलं. "आणि चालवणार कोण, तर तेही तुम्हीच. तुमचं लायसन्स दाखवता?"

आता इथे सांगायला हवं की वशिलेबुवाचं लायसन्स कधीच संपलेलं आहे. ते नवं करून द्यायला त्याचा माणूस आहे, म्हणून ते होत नाही.

"चालवणार मी आहे," बारकी म्हणाली. "आणि चादरींची गाठोडी न्यायची आहेत."

"इथे तर घरगुती वापर लिहिलंय. माल नाहीच."

बारकीने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, त्यांना सांगितलं काय तुम्ही?"

"त्याने फोनवर विचारलं, नाव काय. मी सांगितलं."

"कोणाचं?"

"आता मला माझं नाव विचारल्यावर मी माझंच सांगणार ना."

हे ऐकून मला हसू आलं असतं, पण बारकीचा चेहरा पाहिला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दिवे लागायला फार वेळ नव्हता.

वशिलेबुवाने आपल्या माणसाला फोन लावला. उचलेना. परत लावला. मग उचलला आणि आपला माणूस म्हणाला, मी गाडी चालवतोय, उद्या बघू. वशिलेबुवा लांब जाऊन हळू आवाजात बोलत राहिला. फोन पलीकडून कधीच ठेवला होता हे मला कळत होतं, कारण 'उद्या बघू' म्हणणारा माणूस इतका वेळ ऐकत नाही.

परत येऊन म्हणतो, "असं करू, गाडी काढू तर. कोपऱ्यावरचा हवालदार आपला आहे."

"फाटकावरचा नाहीये," बाई म्हणाली.

"आणि रस्त्यात कोणाला धक्का लागला तर?" बारकी म्हणाली. "त्याच्या घरच्यांना काय सांगू, हवालदार आमचा आहे म्हणून?"

मी म्हटलं, "बारके, मी कोणाचा तरी ट्रॅक्टर आणतो. दोर बांधून ओढत नेऊ. माझ्याकडे असा दोर आहे की हत्ती ओढेल." ही माझी युक्ती चांगली होती, पण बाई म्हणाली की दोराने ओढली तरी ती रस्त्यावरच असते.

मग बारकीने पदर खोचला, बाईसमोरची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बाई, आपण पहिल्यापासून करू. माझ्या नावाने."

दोघींनी कंपनीला फोन लावला. बारकीने नाव सांगितलं, लायसन्स सांगितलं, चादरी सांगितल्या. तिकडून म्हणाले, विमा रात्री बारापासून लागू होईल. बारकी म्हणाली, रात्री बारा मला उपयोगाचे नाहीत, मला आज संध्याकाळी गाडी न्यायचीय, आत्तापासून देता का? मी ऐकत होतो. आमच्या घरात असं बोलणारी दोनच माणसं, एक ती आणि एक मी. तिकडून म्हणाले, देऊ, पण जुना विमा संपून बरेच दिवस झालेत, आधी आमचा माणूस येऊन गाडी तपासेल. तो तुमच्या बाजूलाच आहे.

'आमचा माणूस' ऐकून वशिलेबुवाने मान वर केली.

तपासनीस आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. बुटका, घामाघूम, हातात टॉर्च. त्याने वशिलेबुवाकडे पाहिलं आणि थांबला.

"तुम्ही वजनकाट्यावरचे ना?"

वशिलेबुवा असा फुलला की शर्टाचं बटण ताणलं. माझ्याकडे बघून घेतलं, बारकीकडे बघून घेतलं. "म्हणजे काय. ओळखलंत वाटतं."

"न ओळखून कसं चालेल? माझ्या थोरल्या भावाचा खडीचा ट्रक होता. थोडं वजन जास्त भरलं होतं, किती हातापाया पडला तो तुमच्या. तुम्ही एक किलो सोडला नाहीत."

"काट्यावर सोडत नाही मी," वशिलेबुवा म्हणाला. "काटा म्हणजे काटा."

हे मला नवीन होतं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याकडे वशिला मागत फिरला, आणि स्वतःच्या खिडकीतून त्याने कोणाला दिला नव्हता. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. पण लगेच त्याने तोंड उघडलं.

"बरं, आता ओळख निघालीच आहे, तर जरा पटकन उरका. वरवर बघितलं तरी चालेल."

"ओळख निघाली म्हणून तर नीट बघतो," तपासनीस म्हणाला आणि व्हॅनखाली आडवा झाला.

त्याने चाकं बघितली, दिवे लावून बघितले, काचेवर टॉर्च फिरवली. माझं दार सरकवलं आणि म्हणाला, हे मस्त आहे. मी सांगितलं कोणी केलं ते. मागचा एक लाल दिवा ब्रेक दाबला की पेटत नव्हता. तो बदलल्याशिवाय सही नाही म्हणाला. बाईने यार्डातल्या मेकॅनिकला हाक मारली, त्याने दुसऱ्या व्हॅनचा दिवा काढून लावला. हे सगळं होईपर्यंत वशिलेबुवा भिंतीकडेच्या बाकावर बसून होता. बाक दिसला की तो बसतोच. बारकी मात्र ब्रेकवर पाय ठेवून आत बसली होती आणि दर वेळी मागे वळून विचारत होती, "पेटला का? आता?"

पेटला. सही झाली. बारकीच्या मोबाइलवर विमा आला, तिच्या नावाचा, तिच्या लायसन्सचा, चादरींसकट. बाईने तो वाचला, कानावरचं पेन काढून रजिस्टरवर खूण केली आणि फाटकाकडे हात हलवला.

समोर दोनच जागा. मी बारकीच्या शेजारचं दार उघडलं.

"दादा," बारकी म्हणाली, "त्यांना बसू द्या. विमा आहे तो चालवणारा आणि सोबत एक जण, एवढ्यांचाच, आणि लॉजवर गाठोडी उचलायला कोणीतरी हवं. तुमची कंबर धरलीय."

माझ्या कंबरेला काही झालेलं नाही. पण मी दार धरून उभा राहिलो आणि म्हटलं, "या जावईबापू, इस्त्रीच्या शर्टात हमाली करा."

तो चढला. बारकीने गाडी फाटकातून काढली, बाहेर थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि गेली. मागचा तो लाल दिवा वळणापर्यंत दिसत होता. मी चालत घरी आलो.

लॉजवर ती पोचली तेव्हा पायऱ्यांवरचे दिवे नुकतेच लागले होते. दुसरा धोबी खरंच दारात उभा होता. मॅनेजर त्याला म्हणाला, तू जा. वशिलेबुवाने सगळी गाठोडी उचलली, असं बारकी सांगते. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी मानत नाही. ते काम आजही तिच्याकडे आहे. रोज संध्याकाळी माझ्या दुकानावरून जाते आणि हॉर्न देते.

पुढे एकदा दुकानात एक ट्रकवाला आला, गोदामाचं शटर वाकलं म्हणून.

"काट्यावरच्या साहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "बायकोच्या गाडीचा विमा त्यांनी उभ्या उभ्या करून घेतला म्हणे. तपासायला आलेला आपलाच माणूस होता. आणि शटरचं काम असलं तर इथे जा म्हणाले, शटरवाला पण आपलाच माणूस आहे."

माझ्यापुढे तिघं गिऱ्हाइकं उभी होती.

"त्यांच्या मागे उभा राहा," मी म्हटलं. "आणि बाकावर बसू नकोस."