बिल्जला मारलेला रंग

निवृत्तीआधीची माझी शेवटची पोस्टिंग नौदलाच्या सेलिंग बेसवर होती. पेटी ऑफिसर, इलेक्ट्रिकल. पस्तीस फुटी शिडाच्या बोटीची वायरिंग माझ्याकडे: तळाशी दोन बॅटऱ्या, रेडिओ, इंजिनाचा स्टार्टर, बिल्ज पंप. बोटीच्या तळाला बिल्ज म्हणतात. तिथे पाणी झिरपतच असतं. ते चढलं की फ्लोट, म्हणजे तरंगता स्विच, उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो.

रोज ०७३० ला व्होल्टेज बघायचं, टर्मिनलवरचा हिरवा गंज खरवडायचा, ग्रीस लावायचं. मी शेलारचा, गोडाऊनांच्या पट्ट्यातला. क्रूमधला लीडिंग सीमन संदेश गायकवाड जवळच्याच नारपोलीचा. माझी टूलबॉक्स दिसली की विचारायचा, "काय दादा, गोडाऊन उघडलं का?"

सफरीवर निघण्याच्या दोन दिवस आधी इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांच्या अंगात यायचं. स्किपर म्हणाले, "बिल्ज भी चमकनी चाहिए." तिथे वाकून कोण बघणार होतं? तरी ग्रे रंग मारला. फ्लोटवरही मारला. मोठे साहेब आले, दोन मिनिटं डेकवर उभे राहिले, चहा पिऊन गेले.

चेकलिस्टवर ओळ होती: बिल्ज पंप, ऑटो. मी फ्लोट न उचलता नुसता मॅन्युअल स्विच दाबला, पंप गुरगुरला, 'ओके' लिहिलं. फ्लोटच्या बिजागरीत रंग उतरलेला मला दिसला होता. सुकल्यावर बघू म्हटलं आणि बघितलं नाही.

समुद्रात दुसऱ्या दिवशी १५४० ला वारा वाढला. शिडं उतरवली. १५५२ ला रेडिओ बंद पडला. खाली गेलो तर केबिनमध्ये घोट्याच्या वर पाणी, दोन्ही बॅटऱ्या बुडालेल्या.

"पंप ऑटो पे है?" स्किपर ओरडले.

"ऑटो पे है, सर."

"फिर पानी क्यों है?"

मॅन्युअल स्विच दाबून बघितला, बॅटरीत जीव नव्हता. मी बादली उचलली. मी भरून देत होतो, संदेश डेकवर नेऊन ओतत होता. वर-खाली करताना सेफ्टी लाइन अडकत होती म्हणून त्याने ती सोडली. १६०४ ला आडवी लाट आली.

"मॅन ओव्हरबोर्ड! इंजिन स्टार्ट!"

मी स्टार्टर दाबला. काही नाही. परत दाबला. शीड चढवून बोट वळवेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्याचं केशरी जॅकेट सहा मिनिटं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मच्छीमारांना सापडला.

चौकशीच्या कागदावर 'खराब हवामान' असं आलं. मी खाली सही केली. त्या सहीची मला आजही शिसारी येते. स्किपरची येते, त्या चहाची येते, सगळ्यात जास्त माझी स्वतःची. आता वडप्याला एका गोडाऊनमध्ये मेंटेनन्स बघतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी फायर पंपाला लाल रंग मारतात, तेव्हा मी पंप चालवून बघितल्याशिवाय घरी जात नाही.

चौकशीनंतर संदेशच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्या स्मरणाच्या बौद्ध विधीला, नारपोलीत गेलो होतो. संदेशचे वडील कापडाच्या लूमचे फिटर. सगळे समुद्राला बोल लावत होते. वडिलांनी मला बाजूला घेतलं.

"हवामानाचं वाचलं मी. पंप का नाय चालला?"

"फ्लोटला रंग चिकटला होता, काका."

"तुला दिसला नव्हता?"

"दिसला होता."

शेजारच्या कारखान्यात लूम चालू होते. त्यांनी माझा दंड धरला. मग मला घरात नेलं, संदेशच्या फोटोसमोर उभं केलं आणि हातात मेणबत्ती दिली.

"आता त्याला सांग," म्हणाले.

मी सांगितलं.