फाट्यावरचे अण्णा अन् माझा खोटा फोन

दोस्तांनो, काल मी नको ते केलं. आमच्या पारनेरकडच्या कोरड्या गावात अण्णा अन् काकू ऱ्हात्यात. दोघं एके काळी सिनेमा-सिरियलमधी काम करायचे, आता म्हातारपन इथं काढत्यात. मी मित्राच्या मोबाईलवरून, आवाज बदलून अण्णांना फोन लावला. "मुंबईहून बोलतोय सर. हिरोच्या बापाचा रोल आहे. उद्या नऊला फाट्यावर गाडी पाठवतो."

आज बघतो तर अण्णा केस काळे करून, इस्त्रीचा कोट घालून फाट्यावर उभे! सरपंचानं फेटा बांधून नारळबी दिलेला. बारा वाजले तरी हालंनात. शेवटी पान्याच्या टाकीमागं जाऊन परत फोन केला, "शूटिंग पुढे ढकललंय सर."

"चालंल की!" अण्णा खूश. "तवर मिशी ठिवू का काढू?"

संध्याकाळी काकूंनी मला गाठलं. "काल फोनच्या स्पीकरवर ऐकला तो आवाज तुझाच ना रे भामट्या? मीबी नटीच हाय, मला कळतं."

मी पायच धरले. काकू हळूच म्हनल्या, "महिनाभर नीट जेवत नव्हते. आज दोन भाकरी खाल्ल्या. उद्या परत फोन कर."

आता रोज काय थापा मारू, तुमीच सांगा. जीव नुसता वरखाली होतोय. पन हात जोडतो, आमच्या गावात कुनाला बोलू नका राव.