मंत्र्यांसमोरचा रेला

"बाई, तुमी बी लायनीत उभ्या राहा. मंत्र्यांले बरं वाटंल."

भाऊ हे भर मंडपात मला म्हणाले. मी तेव्हा आमदार होते. स्टेजवरच्या माझ्या खुर्चीत त्यांचा जावई बसला होता आणि मला खाली नाचायला बोलावणं होतं.

कार्यक्रम माझ्याच पुलाच्या भूमिपूजनाचा. पावसाळ्यात नदी चढली की आमची गावं तुटतात, बाळंतिणीला खाटेवर टाकून न्यावं लागतं. मी अंगणवाडीत असताना अशा दोघी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. म्हणून विधानसभेत पहिल्यांदा तोंड उघडलं ते या पुलासाठी. माझ्या मराठीला मागच्या बाकांवरचे हसले. हसा म्हटलं, पण पूल द्या. पाच वर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले.

भाऊ म्हणजे जिल्ह्यातले पक्षाचे मोठे नेते. मला तिकीट त्यांनीच दिलं. मी त्यांना दर वर्षी राखी बांधायची. मनापासून बांधायची, हे सांगतानाही आज संताप येतो.

आमचा गोंडांचा रेला नाच लग्नात, सणाला होतो. हातात हात, गोल, तोंडं एकमेकींकडे. भाऊंच्या माणसांनी बायकांना सरळ रांगेत लावलं होतं. गोल केला की मंत्र्यांना पाठी दिसतात म्हणे! आणि समोर सगळे मोबाइल काढून तयार.

मी म्हटलं, "भाऊ, मी आमदार आहो. मी नाचणार नाई, बोलणार."

ते जवळ आले. आवाज खाली. "राखीव सीट नसती तं तुले कोणी विचारलं असतं काय? नाच आन् तिकीट घे. नाई तं घरी जाय."

'बाई'चं 'तुले' व्हायला एवढाच वेळ लागला. मी स्वतःला त्यांची बहीण समजत होते. एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेवढीच माझी किंमत होती.

मी बायकांना गोंडीत म्हटलं, घरी चला. काही निघाल्या, काही नाचाच्या मजुरीसाठी थांबल्या. त्यांचा मला राग नाही. मागे ढोल वाजतच राहिला.

तिकीट दुसरीला मिळालं. आता मी माजी. पूल झाला, त्याच्या पाटीवर माझं नाव नाही. मनाला लागतं ते, खोटं कशाला बोलू?

पुन्हा निवडणूक लागली तशी परवा भाऊंचा माणूस घरी आला. म्हणाला, "बाई, भाऊनं सांगतलं, झालं गेलं सोडा. तुमच्या गावाकडची मतं तेवढी पाहा."

त्याला पाणी दिलं. मग म्हटलं, "भाऊले सांग, मी उभी राहून राह्यली. कोणाच्या तिकिटावर नाई."

अपक्ष. पैसा नाही, गाडी नाही. लोक म्हणतात, डिपॉझिट जाईल. जाऊ दे. गावोगाव पायी फिरेन, आणि त्या मंडपात भाऊ मला काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, त्यांचं नाव घेऊन, प्रत्येक दारात सांगेन.